नाव दिलेला डोंगर

बोर्ड लागला त्या दिवशी आम्हा घरच्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या होत्या. खाणीत खुर्ची! जिथे जन्मभर उकिडवं बसून खडी फोडली तिथे पाठ टेकून बसायचं मला काही जमेना. मी आपली काठावर टेकले आणि पायाने खालची खडी चाचपत राहिले. शेजारी सासूबाई होत्या. त्यांना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा. एक मोठा साहेब बोलला, मग एक गणवेशातला साहेब बोलला, मग कापड ओढलं आणि आमच्या धाकट्याचं नाव निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत दिसलं. नावाखाली मोठ्या अक्षरांत ‘डोंगर’ लिहिलेलं. सगळे उभे राहिले. बाबा रडले, मुकादम रडला. आमची लोहारीण, जी नवऱ्याच्या मागे एकटी भट्टी चालवते आणि कुणाच्या मेल्या-जगल्याला डोळ्यांतून टिपूस काढत नाही, तीसुद्धा रडली.

तोवर आमच्या डोंगराला नाव नव्हतं. एकच डोंगर, त्याला नाव कशाला? घरात म्हैस एकच असली की तिला म्हैसच म्हणतात.

धाकटा म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दाराआडून मला बघत होता, नाक वाहतंय आणि चड्डी एका हाताने धरलेली. त्याला मीच न्हाऊ घातलं, मीच बदडलं आणि मीच पाठीशी घातलं. आख्ख्या गावात दगड फोडता न येणारा तो एकटा गडी. घण उचलला की दगड राहायचा बाजूला, स्वतःची नडगी नाहीतर दुसऱ्याचा अंगठा. बाबा वैतागायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझ्या हातून दगड फुटायचा नाही. जा, बंदूक तरी धर.” सगळे हसले, तोही हसला. आणि खरंच गेला. कुठल्याशा सरहद्दीवर, कुठल्याशा उंच जागी. तिथून पेटी आली. उघडू नका म्हणाले. आईंनी पेटीला कान लावला होता, ते मी अजून विसरले नाही.

नंतर साहेब विचारायला आले होते की गावात कशाला त्याचं नाव द्यायचं, रस्त्याला देऊ, शाळेला देऊ, कमान उभारू? बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “रस्त्यावर जनावरं शेण टाकतात. डोंगराला द्या.” सगळ्यांना ते फार पटलं. मलाही पटलं. माझाच ऊर भरून आला होता, मग दुसऱ्याला काय बोलू?

बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी, नेहमीसारखं, उजाडायच्या आत पुरुष माणसं निघाली. उन्हाळ्यात दगड गार असतो तोवरच काम होतं. पाऊस आला की खाण पाण्याने भरते आणि मग वर्षातले बरेच महिने नुसतं बसायचं. म्हणून या दिवसांत कुणी आजारीसुद्धा पडत नाही. आमचे हे खांद्यावर घण टाकून पुढे, मी टोपलं आणि हातोडी घेऊन मागे. बघते तर सगळे पायथ्याशी उभे. वर कुणीच नाही. मुकादम मांडीवर घण आडवा घेऊन खाली बसलेला.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं. “कुणाला लागलं का?”

“नाव दिलंय रे,” मुकादम म्हणाला.

“कशाला?”

“डोंगराला. काल. आपणच की.”

 ह्यांना कळलं ते मला त्यांच्या मानेवरून कळलं.

आमच्या खाणीत ज्या कडेला काम करताना माणूस जातो ती कड सोडतात. तिला त्या माणसाचं नाव देतात आणि परत तिच्यावर घाव घालत नाहीत. बाबांच्या वडिलांची कड आहे, मावळतीकडे. सगळ्या डोंगरात तसला काळाभोर, एकसंध दगड दुसरीकडे नाही. बाबांनी जन्मभर तिच्या आजूबाजूला काम केलं, तिच्याकडे बघून जिभल्या चाटल्या, पण तिला हात लावला नाही. तिच्यावर गवत उगवतं, मधमाश्या बसतात. ठेकेदार येतात आणि जातात, हा नियम जात नाही. नाव दिलं की सोडली. आणि आम्ही शहाण्यांनी आख्ख्या डोंगराला नाव देऊन ठेवलं होतं, खुर्च्या मांडून, टाळ्या वाजवून!

 मला राग आला. “एवढे सगळे बाप्ये बसला होता तिथे,” मी म्हणाले, “एकाच्याही डोक्यात आलं नाही?”

“तुझ्या आलं का?” लोहारीण म्हणाली. ती शेवटायच्या, म्हणजे धार लावायच्या, छिन्न्या न्यायला आली होती. “आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तर सांगायचं कुणाला?”

एक जण हळूच म्हणाला, “पण तो इथे कुठे गेला? तो तिकडे लांब गेला. नियम खाणीत गेलेल्या माणसाचा आहे.”

मुकादमाने त्याच्याकडे बघितलं. “मग नाव खोटं म्हणायचं का? जा, त्याच्या आईला सांगून ये.”

कुणी गेलं नाही. ह्यांनी घण खाली ठेवला. एकेकाने ठेवला. उजाडलं, ऊन डोंगराच्या डोक्यावरून खाली उतरायला लागलं आणि एवढी माणसं हात रिकामे सोडून उभी. मी कामावर यायला लागल्यापासून त्या वेळेला खाण एवढी गप्प कधी ऐकली नव्हती.

मग वाद सुरू झाला तो पडलेल्या दगडाचा. आधीच फुटून खाली आलेला दगड डोंगराचा की खाणीचा? पुरुषांनी त्यावर सकाळ घालवली. एक म्हणे डोंगराचा, एक म्हणे केस कापून पडला की तो काय डोक्याचा राहतो का? शेवटी मीच टोपलं उपडं करून बसले आणि हातोडी चालवायला लागले. म्हटलं, तुम्ही ठरवा, तोवर मी फोडते. बायका बसल्या माझ्या बाजूला. पडलेला दगड खडी होऊन ट्रकमध्ये गेला, मग बारीक चुरा गेला, मग धूळ राहिली. ट्रकवाला येऊन नुसताच भोंगा वाजवायचा आणि रिकामा परत जायचा.

दगडाची माणसं मातीत कामाला गेली. आमचे हे वीटभट्टीवर लागले. तिथला मालक म्हणाला, तुमचा हात जड आहे, विटा फुटतात. ज्या हातापुढे डोंगर हटायचा, त्या हाताला शिव्या ऐकायला लागल्या. तळपाय भाजून घरी यायचे. मी पाण्यात पाय बुडवून द्यायचे, ते भिंतीकडे बघत बसायचे.

“बोला काहीतरी,” मी म्हणायचे.

“काय बोलू? माझ्याच भावाने माझी भाकर घेतली म्हणू?”

“हळू बोला. आई ऐकतात.”

आई ऐकत होत्याच. त्या संध्याकाळ झाली की डोंगराकडे जायच्या. बोर्डाकडे नाही, बोर्डाच्या पलीकडे, जिथून नेहमी पहिला दगड काढायचे त्या कडेला. तिथे हात टेकून उभ्या राहायच्या. मी एकदा आणायला गेले तर म्हणाल्या, “हात लाव. दिवसभर उन्हात तापलाय ना, अंगात ताप असल्यासारखा लागतो.” मी हात लावला. लगेच काढला. मला ते सोसवेना.

पाणवठ्यावर मी गेले की बायकांचं बोलणं बंद पडायला लागलं. आधी मला वाटलं, आपल्या दुःखाचा मान ठेवतात. मान कसला! एक दिवस लोहारणीनेच तोंड उघडलं. माझी जिवाभावाची मैत्रीण ती.

“भट्टीत उंदीर झोपतात माझ्या,” ती म्हणाली. “बोलू नये, पण बोलते. तुमचा एक गेला. आमच्या सगळ्यांच्या चुली गेल्या.” आणि माझा हंडा पायाने बाजूला सारून तिने आपला लावला.

माझ्या तोंडाला तोंड देणारी बाई या गावात जन्माला आलेली नाही. पण मी हंडा उचलला आणि मागे जाऊन उभी राहिले. कारण ती खरं बोलत होती.

ठेकेदार आला तो ओरडत आला नाही, हेच वाईट झालं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तो बोर्डासमोर चपला काढून उभा राहिला, हात जोडले, मग बाबांना म्हणाला, “काका, मला तुमचं दुःख कळतं. बोर्डाला मी धक्का लावणार नाही. पण मला दगड पाहिजे. बाजाराच्या दिवसापर्यंत तुम्ही सुरू करा, नाहीतर मी बाहेरची माणसं आणतो. त्यांना तुमचा नियम नाही.”

  म्हणजे डोंगर फुटणारच होता. परके लोक येऊन फोडणार आणि आम्ही खाली उभं राहून बघणार. धाकट्याचं नावही जाणार आणि आमची भाकरीही.

त्याच दुपारी मुकादम चार माणसं घेऊन घरी आला. टोपी हातात, नजर जमिनीवर. बाबांनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

“कड उघडता येते,” मुकादम म्हणाला. “माझ्या आज्याच्या तोंडून ऐकलंय. घरच्याच माणसाने पहिला घाव घालायचा. मग नाव सुटतं. पण सुटलं म्हणजे सुटलं. परत त्या जागेचं ते नाव घ्यायचं नाही.”

“कुणी केलंय का कधी?” बाबांनी विचारलं.

“नाही. कोण करेल?”

बाबा आपले तळहात बघत बसले. त्या हातांना आता घट्टेच घट्टे, मूठसुद्धा पुरती मिटत नाही. तेवढ्यात आतून आई आल्या. माणसांसमोर त्या कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

“मला पेटी उघडू दिली नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचं तोंड दाखवलं नाही. आत तोच होता का दुसरा कुणी, तेही मला माहीत नाही. एक डोंगर दिलात. आता तोही मागायला आलात?”

मुकादम हातातली टोपी चुरगाळत राहिला.  मी तिथेच उभी होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. आईंना म्हणू, की आज घरात शिजवायला काही नाही? मुकादमाला म्हणू, की चालता हो? माणसं गेली. उंबऱ्याबाहेर पायताणं शोधताना एकमेकांच्या अंगावर पडत गेली.

“मीच मागितलं,” बाबा म्हणाले. “मीच सोडवतो.”

“मागितलंत ते नंतर,” आई म्हणाल्या. “आधी त्याला पाठवलं कुणी? बंदूक धर म्हणालं कोण?”

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. इतक्या दिवसांत घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं.  आमचे हे उठून बाहेर गेले. आई चुलीपुढे बसल्या, विझलेल्या चुलीपुढे, आणि बाबा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, कुणीतरी थोबाडीत मारल्यावर माणूस बघतो तसे.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव खाणीवर आलं. ठेकेदाराचा ट्रकही आला होता. त्यात परकी माणसं बसली होती, पहारी मांडीवर घेऊन. बिचारे गप्प होते, कुणाकडे बघत नव्हते. पोट त्यांनाही होतं.

बाबा पुढे झाले. सदरा काढून ठेवला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. त्यांनी घण उचलला, डोक्यावर नेला आणि घण तिथेच राहिला.  त्यांनी तो खाली घेतला, खोकले, थुंकले, परत उचलला. परत तेच. ज्या माणसाने अर्धा डोंगर उतरवून ट्रकात भरला, त्या माणसाकडून एक घाव पडेना.

“दे इकडे,” आमचे हे म्हणाले. ह्यांनी घण घेतला. पाय रोवले. मला वाटलं, आता पडेल. मी डोळे मिटून घेतले. आवाज आला तो घण बाजूला फेकल्याचा.

“माझ्याने नाही होत,” हे म्हणाले. “खांद्यावर बसवून फिरवलंय मी त्याला.” आणि बाईमाणसासारखे हुंदके देऊन रडायला लागले. एवढा मोठा गडी!

ट्रकातली माणसं एकेक करून खाली उतरायला लागली.

तेव्हा गर्दी मागून फाकली. आई आल्या. त्यांना मी घरी ठेवून आले होते, कोण घेऊन आलं कुणास ठाऊक. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. खडी फोडायची माझी हातोडी, वीतभर दांड्याची.

“कुठे मारायचं?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा त्या हातोडीकडे बघत राहिले.

“दगड कुठे सुटतो ते विचारतेय. जन्म गेला ना तुमचा यात?”

बाबांनी बोट ठेवलं. “इथे. शीर आहे.”

आईंनी मारलं. नुसती टक झाली. धूळसुद्धा उडाली नाही. त्यांनी परत मारलं. परत. मग त्या बोलायला लागल्या, आधी तोंडातल्या तोंडात, मग मोठ्याने.

“जाऊ नको म्हटलं होतं ना? म्हटलं होतं का नाही? ऐकायचं नाही! आईचं ऐकायचंच नाही! बापाने म्हटलं की निघाला! हसत निघाला! मागे वळून बघायला काय झालं होतं? हां? काय झालं होतं?”

प्रत्येक बोलण्याला एक घाव. आईंनी धाकट्यावर कधी हात उगारला नव्हता. मारायची ती मी. त्या मधे पडायच्या. आणि आता त्या त्याला बडवत होत्या, सगळ्या गावासमोर, बोटांची सालपटं निघाली तरी थांबत नव्हत्या. कुणी पुढे झालं नाही. लोहारणीने तोंडावर हात दाबून धरला होता. ठेकेदाराने मान फिरवली.  माझ्या अंगावर काटा आला तो आज सांगतानाही येतो.

शेवटी शिरेवरून दगडाची हाताएवढी कपरी सुटली आणि आईंच्या पायाशी पडली. त्या थांबल्या. श्वास लागला होता. कपरीकडे बघितलंही नाही. हातोडी माझ्या हातात परत दिली, दांड्याला रक्त लागलेलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. “उघडा.”

आणि घराकडे चालायला लागल्या. मी मागे पळाले. ट्रकातली माणसं परत ट्रकात चढली. मागून मुकादमाचा आवाज आला, “बघत काय बसलात? म्हातारीने एवढं केलं ते फुकट घालवता का? चढा वर!”

घरी आल्यावर आई पाणी प्यायल्या. मी त्यांची बोटं पुसली, फडकं बांधलं. त्यांनी बांधू दिलं. मी म्हटलं, पडा थोडं. त्या आडव्या झाल्या. मला वाटलं, संपलं, सुटलो.

मग पहिला घण पडला.

आई ताडकन उठून बसल्या. “काय झालं?”

“काम सुरू झालं, आई.”

दुसरा पडला. तिसरा. बऱ्याच दिवसांनी हात मोकळे झाले होते, पोटात आग होती, माणसं जीव खाऊन मारत होती. भिंती हादरत होत्या. आई उठल्या आणि दारात गेल्या.

“अरे पुरे!” त्या ओरडल्या. “मी मारलंय ना त्याला! झालं ना! एवढं कशाला मारताय? पुरे आता!”

एवढ्या लांबून खाणीत कुणाला ऐकू जाणार? मी त्यांना मागून धरलं. मूठभर जीव, पण मला ओढत नेत होत्या. मी म्हटलं, “आई, दगड आहे तो. दगड आहे. नाव सुटलंय आता.” त्या एकाएकी थांबल्या आणि कान देऊन ऐकायला लागल्या. आमच्याकडे कुठल्याही बाईला आपल्या माणसाचा घाव लांबून ओळखू येतो. चूल पेटवायची वेळ आम्ही त्यावरूनच धरतो.

“हा तुझ्या नवऱ्याचा,” त्या म्हणाल्या.

 मलाही तो ओळखू आला होता.

“आणि हा यांचा.” त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “अगं, बाप मारतोय त्याला. जा ना. सांग ना त्यांना. तुझं ऐकतात सगळे.”

मी त्यांना आत आणून बसवलं. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. मग बाहेर आले, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. आत त्या दारावर हात मारत होत्या. मी टोपलं उचललं आणि खाणीकडे चालायला लागले. वरून दगड यायला लागला होता आणि खाली फोडायला बाया कमी होत्या.